तज्ज्ञाच्या साक्षीला तक्त्याची जोड

लवादापुढच्या एका रखडलेल्या पुलाच्या वादात नुकतेच तज्ज्ञ साक्षीदारासाठी तक्ते करून दिले. उशीर कंत्राटदारामुळे की जागा वेळेत न मिळाल्यामुळे, हा प्रश्न.

अहवाल जाडजूड असतो, पण लवादाच्या लक्षात राहतं एखादंच पान. त्या पानावर वर ठरलेलं वेळापत्रक, खाली प्रत्यक्ष काम, आणि कामातल्या प्रत्येक खंडाशेजारी संबंधित पत्राचा निशाणी क्रमांक. क्रमांक नसेल तर ते नुसतं चित्र!

नुकसानीच्या स्तंभालेखात उभा अक्ष शून्यापासूनच घ्या. मधूनच सुरू केलात, तर किरकोळ फरक डोंगराएवढा दिसतो आणि उलटतपासणीत वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

लवादाला साक्ष्य अधिनियम बंधनकारक नाही. न्यायालयात मात्र संगणकीय नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट.

शंका जरूर विचारा. चालू प्रकरणांवर मात्र बोलणार नाही.