रक्त थांबविणारे जाळे

(डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई येथे बंधुभगिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शस्त्रक्रियेपूर्वी आपली वडीलधारी मंडळी परिचारिकेला हळूच विचारीत: जखमेत जे ठेवाल, त्यात डुकराचा अंश तर नाही ना? प्रश्न रास्त होता. रक्त गोठविण्यासाठी वापरला जाणारा जिलेटिनचा स्पंज बहुधा डुकराच्या कातडीपासून करतात. आता याच कामासाठी प्राण्याचा अंशही नसलेले एक द्रव्य उपलब्ध आहे. ते आपले जाळे आपणच विणते.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. आखूड माळेस पेप्टाइड म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात अशी माळ आढळली, जिची एक बाजू पाण्याला जवळ करते व दुसरी पाणी टाळते. त्याच धर्तीवर 16 मण्यांची माळ प्रयोगशाळेत घडविण्यात आली. तिचे नाव ‘राडा-16’. नाव ऐकून हसू नका. ती केवळ अमिनो आम्लांची एकाक्षरी चिन्हे आहेत, आणि तिचे काम अगदी शिस्तीचे आहे.

नारळाचे दूध स्थिर ठेवले, की स्निग्धांश कोणी गोळा न करताही वर एकत्र येतो. तशाच या माळांच्या पाणी टाळणाऱ्या बाजू एकमेकींना बिलगतात. दुसऱ्या बाजूवरील धन व ऋण भार परस्परांना ओढतात. कुपीतील आम्लधर्मी द्रावात धनभार वरचढ असल्याने माळा एकमेकींना दूर लोटतात. रक्ताशी गाठ पडताच क्षारांमुळे व आम्लता घटल्यामुळे हा दुरावा सरतो. माळांचे सूक्ष्म तंतू होतात, तंतूंचे जाळे होते आणि पारदर्शक जेल रक्तवाहिनीचे तोंड झाकते. त्यात पेप्टाइड अवघे अडीच टक्के, बाकी पाणी.

‘प्युरास्टॅट’ या नावाने ते दुर्बिणीद्वारे आतड्यात वापरतात. अमेरिकेच्या एफडीएने त्यास 2021 मध्ये परवानगी दिली. जेलमधून रक्तस्रावाची जागा डॉक्टरांना दिसत राहते, हा मोठा लाभ. परंतु ते झिरपणाऱ्या रक्तासाठी आहे; धमनीतून उसळणाऱ्या रक्तास क्लिपसारखे अन्य उपाय लागतात.

हे द्रव्य मिळाले नाही, म्हणून कोणी शस्त्रक्रिया नाकारू नये. भक्षणाचा निषेध वेगळा, जखमेवरील उपचार वेगळा. आणि जिवावर बेतले असता पिकुआख नेफेशसाठी शब्बाथही बाजूस ठेवावा, अशी आपल्या धर्माची आज्ञा आहे. शंका मनात असेल, तर ती शस्त्रक्रियेच्या आधी, डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडावी.