सागर एका तासिकेत मावत नाही

आमच्या प्राथमिक वर्गांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. मराठवाड्यातील या मुलांच्या लेखी समुद्र म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे दिवाळीला गावी येणारे काका. महासागरांची नावे फळ्यावर लिहून पाठ करून घेणे सोपे आहे; पण त्याने समुद्र हाती लागत नाही. म्हणून तिसरी-चौथीला हा घटक आम्ही भूगोलापुरता न ठेवता सर्व विषयांतून शिकवतो. ‘पोरं पुस्तक सोडून मीठ का मोजत बसलीत?’ असे काही पालकांनी विचारले होते. हा त्यांच्यासाठी खुलासा.

आरंभ शाळेमागच्या ओढ्यापासून होतो. त्याचे पाणी गोदावरीला जाते, हे सर्वांना ठाऊक असते. मग गोदावरी कुठे जाते? बहुतेक बोटे मुंबईकडे वळतात. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या या नदीपासून अरबी समुद्र अवघा 80 किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही ती त्याच्याकडे पाठ करून सुमारे 1,465 किलोमीटर पूर्वेला वाहते आणि आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीपलीकडचे पठार पूर्वेकडे उतरते, म्हणून. हे उमगले की आपल्या अंगणातले पावसाचे पाणीही समुद्राच्याच वाटेवर आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही.

मीठ मोजले जाते ते गणितात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मग 15 लिटरच्या हंड्यात किती? 525 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या पुड्याहून थोडे अधिक. तेच खारे पाणी परातीत घालून उन्हात ठेवले की विज्ञान सुरू होते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. नद्या खडकांतील क्षार किंचित किंचित वाहून नेतात. सूर्य फक्त पाणी परत उचलतो. मिठागरही याच न्यायाने चालते.

भरती-ओहोटी शिकवताना निवासी शाळेचा लाभ होतो. पौर्णिमेच्या वंदनेमुळे आमच्या मुलांना चंद्राच्या कला तोंडपाठ असतात. पौर्णिमा आणि अमावस्येच्या सुमारास सूर्य व चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि मोठी भरती येते, तिला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची भरती. समुद्र कधी न पाहिलेली आजीसुद्धा ‘आनंदाला उधाण आलं’ म्हणते, हे भाषेच्या तासाला मुलांच्याच ध्यानात येते.

धम्माच्या तासाला अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्त येते. महासागर क्रमाक्रमाने खोल होत जातो, त्याला एकच चव असते, ती मिठाची. आणि गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या त्याला मिळताच आपली नावे टाकतात. त्याचप्रमाणे चारही वर्णांतील माणसे संघात येताच आपले नाव-गोत्र मागे ठेवतात, असे भगवान बुद्ध सांगतात. आमच्या मुलांना ही उपमा समजावून द्यावी लागत नाही. मात्र नद्या कितीही मिळाल्या तरी सागर भरत नाही, असेही त्याच सुत्तात आहे, आणि आज बर्फ वितळल्याने व पाणी तापून प्रसरण पावल्याने समुद्राची पातळी वाढते आहे. सुत्त खोटे का, असा प्रश्न येतोच. उपमा ही उपमा आणि मोजमाप हे मोजमाप, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो. सुत्तात विज्ञान शोधण्याचा हट्ट आम्हांस मान्य नाही.

इतिहासाला नालासोपारा पुरतो. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यास सापडला. नकाशावर त्याच किनाऱ्यावरून खाली बोट सरकवले की मुंबई बंदर लागते. 1913 मध्ये बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाले, तेही समुद्रमार्गानेच. त्यांचा प्रवास मुले जगाच्या नकाशावर दोऱ्याने आखतात. त्या दिवशी वर्ग लवकर सुटत नाही.

किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. येत्या पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या अष्टमीला आपल्याकडील भरती-ओहोटीच्या वेळा टिपून शाळेस पोस्टकार्डाने कळवाव्यात. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर पडते, हे चौथीच्या वर्गाला स्वतः वजाबाकी करून पाहावयाचे आहे.