ऑइल फिल्टरचा पाना : जोर थोडा, हिशेब पुरा

गाडीचे इंजिन ऑइल बदलताना जुने ऑइल काढणे सोपे. पण डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवलेला फिल्टर सोडवणे अवघड. नवा फिल्टर बसवताना रबरी रिंग टेकल्यावर तो हातानेच साधारण पाऊण फेरा आवळायचा असतो. पुढे इंजिनच्या उष्णतेने रिंग धातूला चिकटून बसते. आपल्या घरांतल्या दोन भाषांची इथे गंमत होते. मराठीत ‘बिगीबिगी’ म्हणजे भराभर, कन्नडमध्ये ‘बिगी’ म्हणजे घट्ट. फिल्टर बिगीबिगी बसवला की तो नको इतका बिगी होतो!

आमच्या शेजारचे गॅरेजवाले अण्णा साठीपुढचे. मनगट दुखायला लागल्यापासून ते ऑइलच्या कामाला आलेले गिऱ्हाईक परत पाठवू लागले. “कैयाग शक्ती इल्लरी,” म्हणायचे. फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवणे त्यांना पटत नसे. पत्रा फाटतो, बूड तसेच अडकते, ऑइल हातावर येते. त्यांच्यासाठी मी पट्ट्याचा पाना करायला घेतला. आधी कागदावर हिशेब मांडला.

फिल्टर सोडवायला 30 न्यूटन-मीटर पीळ लागतो असे धरले. दांडा 200 मिलिमीटर असेल तर हाताचा जोर 150 न्यूटन, म्हणजे सुमारे 15 किलो लागतो. 300 मिलिमीटर केला तर 10 किलोत भागते. याहून लांब दांडा इंजिनच्या अडचणीत फिरत नाही.

आता पकड. फिल्टर 75 मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याच्या कडेवर 800 न्यूटन ओढ हवी. दावे खुंटीला वेढा देऊन धरले की ओढणारे जनावरही थोड्या जोरात आवरते. पट्ट्याचे तसेच आहे. पाऊण वेढा आणि घर्षणांक 0.3 असेल तर ओढीच्या बाजूचा ताण सैल बाजूच्या चौपट होतो. फिल्टर तेलकट असून घर्षणांक 0.15 वर आला तर जेमतेम दुप्पट. मग त्याच कामासाठी पट्ट्यावर सुमारे 1,060 ऐवजी 1,580 न्यूटन ताण येतो. एका फडक्याची किंमत ही एवढी!

दांड्याला 25 बाय 6 मिलिमीटरची लोखंडी पट्टी घेतली. ती आडवी वाकेल अशी लावली तर दर चौरस मिलिमीटरला 200 न्यूटन ताण येतो आणि साधे लोखंड सुमारे 250 ला कायमचे वाकते. तीच पट्टी उभी लावली की ताण 48 वर येतो. लोखंड तेवढेच, फक्त ठेवण बदलली. अण्णा आता गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत.

घरी हे काम करणाऱ्यांनी इंजिन कोमट असतानाच हात घालावा. फिल्टर पुसून घ्यावा आणि पट्टा बुडाजवळ लावावा. मध्यावर पत्रा चेपतो. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा. पाना सोडवण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नव्हे.