फळ्याजवळ बोलावणारा मास्तर हवा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस राज्यातील शाळांमधून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. प्रतिमेला हार घातला जातो, 'बाबासाहेबांसारखा आत्मविश्वास बाळगा' असा उपदेश होतो आणि कार्यक्रम आटोपतो. परंतु तो आत्मविश्वास आला कोठून, याची चर्चा होत नाही. ती झाली पाहिजे.

साताऱ्याच्या शाळेने तो दिला नाही. वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे आणि पाणी द्यायला शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे, हेच त्या शाळेने शिकविले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी एकदा भीमरावांना गणित सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. त्याबरोबर वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे होते. ते बाटतील म्हणून मुले धावली व त्यांनी डबे बाजूला केले. मगच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले.

ही घटना सांगताना आपण डब्यांविषयी संताप व्यक्त करतो आणि तो रास्तच आहे. पण त्या मास्तरांनी हाक मारली होती, हे आपण विसरतो. आणि हाक आली तेव्हा मुलाची तयारी झालेली होती. ती तयारी सुभेदार रामजींनी करून घेतली होती. परळच्या एका खोलीत ते मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी त्यांनी लग्न झालेल्या मुलींपुढेही हात पसरला. शाळेने संस्कृत नाकारले, तर भीमरावांनी फारसी घेतली आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. आत्मविश्वास उपदेशाने येत नाही. पाठीशी घर असावे लागते आणि पुढे बोलावणारे कोणी तरी असावे लागते.

आता आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुका पाहा. येथे कुणाच्या घरी माडिया बोलतात, कुणाच्या घरी तेलुगू. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्यांच्या गावांत बंगाली बोलतात. त्यांत नमःशूद्र अनेक आहेत. याच समाजाचे जोगेंद्रनाथ मंडल यांनी १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यासाठी जिवाचे रान केले होते. ते ऋण आपल्यावर आहे. जंगलात पन्नास झाडे ओळखणारे, बाजारात हिशेब चोख सांगणारे पोर वर्गात मात्र मुके होते. प्रश्न मराठीत असतो, उत्तर दुसऱ्या भाषेत येते आणि वर्ग हसतो. दोन-चार वेळा असे हसे झाले की ते पोर स्वतःलाच 'ढ' समजू लागते. हा नवा विटाळ आहे.

कायदा मुलाच्या बाजूने आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्याला सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा आणि मुलाला भयमुक्त ठेवा, असे बजावते. पण कलमे स्वतः चालत वर्गात जात नाहीत. त्यासाठी पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसून ती मागावी लागतात.

म्हणून चळवळीतील शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि शिकलेल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. गावच्या विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवा. केवळ आपलीच नव्हे, माडिया आणि बंगाली मुलेही बोलवा. एक फळा टांगा. त्यांच्या भाषेतले उत्तर आधी ऐकून घ्या, मग ते मराठीत कसे म्हणायचे ते दाखवा. आणि सर्वांत मागे बसलेल्या मुलाला नावाने हाक मारून पहिला खडू त्याच्या हाती द्या.