हॉटेलातला रस्सा आणि घरची चूल

आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे आपली कांदेनवमी, ही पंचांगातील मोठी मौजेची तिथी आहे. तिला व्रत नाही, कथा नाही, उद्यापन नाही. दोन दिवसांनी एकादशी येणार, चातुर्मास लागणार आणि कांदा-लसणीला चार महिने स्वयंपाकघराचा उंबरठा बंद होणार. तेव्हा त्यापूर्वी एकदा कांद्याचा यथेच्छ समाचार घ्यावा, एवढाच तिचा हेतू. ज्या घरांतून चातुर्मास केव्हाच गेला, त्या घरांतूनही कांदेनवमी मात्र गेलेली नाही, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

गेल्या वर्षी ह्या तिथीला भजी-थालिपिठांचा बेत बाजूस ठेवून आम्ही सहकुटुंब एका पंजाबी धर्तीच्या उपाहारगृहात गेलो. पनीरचा तो तांबूस, मुलायम रस्सा पहिल्याच घासाला जिभेवर पसरला आणि आम्ही उद्गारलो, “घरी हा असा का बरे होत नाही?” सौभाग्यवती तेथे काही बोलल्या नाहीत. घरी परतल्यावर मात्र त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, “त्या मुदपाकखान्यात किती माणसे राबत होती, ते मोजलेत का?”

आम्ही मोजली नव्हती. खरे सांगावयाचे तर, आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातलीही कधी मोजली नव्हती. मोजण्यासारखे तेथे फारसे नव्हतेच. एकच माणूस होते.

तो बोल मनाला लागला. ओळखीच्या एका आचाऱ्याची मनधरणी करून आम्ही एके दिवशी सकाळीच त्याच्या भटारखान्यात जाऊन उभे राहिलो. गिऱ्हाईक यावयास अद्याप दोन तास होते. परंतु आत कामाची धांदल उडाली होती. दोन पोरे कांदे सोलीत होती, एकजण भल्या मोठ्या पातेल्यात उलथने फिरवीत होता, एकजण वाटण काढीत होता. अशी तीन पातेली सिद्ध होत होती. एकात कांदा-टोमॅटोचा पिंगट मसाला. दुसऱ्यात उकडलेला कांदा, काजू आणि मगज ह्यांचा पांढरा रस्सा. तिसऱ्यात टोमॅटो, लोणी व साय ह्यांचा लाल रस्सा. दुपारी गिऱ्हाईक आले, की ह्यांतूनच एकदोन पळ्या कढईत पडावयाच्या, प्रखर आचेवर वर पनीर किंवा मटार पडावयाचे आणि पाच-सात मिनिटांत वाडगा बाहेर जावयाचा. तक्त्यावर भाज्यांची नावे पन्नास. आत पातेली तीन!

ह्यांतील लाल रस्सा देशभर पसरला तो दिल्लीहून. १९४७ च्या फाळणीत पेशावर सोडून आलेल्या पंजाबी गृहस्थांनी दिल्लीच्या दर्यागंज भागात ‘मोती महल’ हे उपाहारगृह काढले. तेथे तंदुरात भाजलेल्या कोंबडीसाठी टोमॅटो, लोणी व साय ह्यांचा हा रस्सा प्रसिद्धीस आला आणि शाकाहारी मंडळींनी त्यात पनीर घालून तो आपलासा केला. त्या पदार्थाचा मूळ कर्ता कोण, ह्यावरून भागीदारांच्या वारसांत वाद माजून तो २०२४ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. एका रश्शाने कोर्टाची पायरी चढावी, ह्यातच त्याची थोरवी आली. एरवीही हा रस्सा परदेशांचा मोठा ऋणी आहे. टोमॅटो, मिरची आणि काजू ही तिन्ही अमेरिका खंडाची देणगी. एक कसुरी मेथी तेवढी आपल्या बाजूची. तिचे नाव पंजाबातील कसूर ह्या गावावरून पडले, आणि ते गाव आज पाकिस्तानात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आचाऱ्याजवळ कोणताही गुप्त मसाला नव्हता. त्याच्याजवळ होता तो वेळ, आणि तो वेळ मुख्यतः कांद्यावर खर्च होत होता. ह्याचे कारण शास्त्रीय आहे. कांद्यात दर शंभर भागांत सुमारे नव्वद भाग पाणी असते. पाणी शंभर अंशांवर उकळते. म्हणून ते पाणी आहे तोवर कांदा केवळ शिजतो, भाजला जात नाही. ते आटल्यावर उष्णता वर चढते आणि सुमारे एकशे चाळीस अंशांच्या पुढे कांद्यातील शर्करा व प्रथिनांचे घटक एकमेकांशी संयोग पावून तो तांबूस रंग व खमंग वास झपाट्याने उत्पन्न करतात. ह्या क्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार ह्याने १९१२ साली प्रथम केले. आपल्या आजीला मायार ठाऊक नव्हता. परंतु “तेल सुटेपर्यंत परत” हे तिचे वचन म्हणजे पाणी आटल्याची अचूक खूणच होय.

एवढे ज्ञान पदरी पडताच आम्ही एका रविवारी पदर नसतानाही पदर खोचला. पहिला प्रयोग सपशेल फसला. घाईने कच्चा कांदाच वाटून टाकला. तो उग्र राहिला. टोमॅटो अर्धवट आटले. रस्सा आंबट झाला. मुलांनी मुकाट्याने लोणच्याची बरणी पुढे ओढली. दुसऱ्या रविवारी जे साधले, ते प्रमाणासह येथे देतो. ते सहा माणसांस पुरे होते.

जाड बुडाच्या कढईत अर्धी वाटी तेल तापवून त्यात तमालपत्र, दोन वेलदोडे, चार लवंगा व दालचिनीचा तुकडा टाकावा. मग अर्धा किलो बारीक चिरलेला कांदा घालून मध्यम आचेवर परतावा. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाहीसे वाटते. धीर सोडू नये. बुडाशी लागू लागल्यास चमचाभर पाणी शिंपडावे आणि लागलेला अंश खरवडून घ्यावा, कारण चव त्यातच असते. पंचवीस-तीस मिनिटांत कांदा बदामी होतो. त्यात दोन चमचे आले-लसणीचे वाटण दोन मिनिटे परतावे. दोन चमचे काश्मिरी मिरचीपूड, दोन चमचे धनेपूड व अर्धा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून घालावी. कोरडी घातल्यास ती करपून कडवट होते. नंतर अर्धा किलो पिकलेल्या टोमॅटोंचा रस घालून, कडेने तेल सुटेपर्यंत, सुमारे पाव तास आटवावा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून येथे तेलाची कंजुषी केल्यास रस्सा फिकाच राहतो.

हे सर्व निववून, तमालपत्र व दालचिनी काढून, गरम पाण्यात भिजविलेल्या पंचवीस काजूंसह मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटावे. पुन्हा कढईत घेऊन मीठ व दीड-दोन वाट्या गरम पाणी घालावे आणि पाच-सात मिनिटे ढवळीत राहावे, कारण काजू खाली लागतात. पनीर किंवा मटार आता घालावे. शेवटी विस्तव बंद करून चमचाभर लोणी, दोन चमचे साय, चिमूटभर साखर आणि किंचित गरम करून चुरलेली कसुरी मेथी घालावी. उकळत्या आंबट रश्शात साय टाकल्यास ती फुटते, हे ध्यानात असावे. चातुर्मास पाळणाऱ्यांनी कांदा-लसूण वगळून टोमॅटो, आले, काजू व लोणी एवढ्यावर लाल रस्सा करावा. तो यत्किंचितही उणा होत नाही. मात्र तूप-लोण्याचा हा थाट नित्याचा नव्हे, सणावारीच बरा.

रस्सा उत्तम झाला. परंतु दीड तास आचेजवळ उभे राहून आमच्या पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा जेवणाच्या टेबलाशी आरामात बसून टाकलेल्या त्या उद्गाराची खरी किंमत कळली. हॉटेलातली रुची ही चार-सहा माणसांच्या विभागलेल्या श्रमांची रुची आहे. ती हवी, परंतु श्रम मात्र एकीनेच करावे, असे म्हणणे हा हिशेबही चुकीचा आणि न्यायही चुकीचा.

म्हणून आमच्या घरी आता महिन्यातून एका रविवारी मूळ मसाला दुप्पट प्रमाणात होतो. मुलगा कांदा चिरतो, मुलगी टोमॅटोचा रस काढते, परतण्याचे काम आमच्याकडे आणि चव पाहून मीठ-साखरेचा निर्णय सौभाग्यवतींकडे. काजू व पाणी घालण्यापूर्वीचा अर्धा मसाला निववून, लहान डब्यांत भरून, आम्ही बर्फाच्या कप्प्यात ठेवतो; तो महिनाभर सहज टिकतो. आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यापुढे मग वीस मिनिटांत वाडगा ठेवता येतो.

यंदाच्या कांदेनवमीला आम्ही कोठेही गेलो नाही. जेवताना सौभाग्यवतींनी हसून तोच प्रश्न पुन्हा विचारला. ह्या खेपेस उत्तर आम्हांस ठाऊक होते: चार.