क्रमांक ३२५ ची नौका

युद्धनौकांना राजांची, सेनापतींची, नद्यांची भारदस्त नावे देण्याची प्रथा आहे. दुसऱ्या महायुद्धात मात्र अमेरिकेने एक हजाराहून अधिक अशा नौका बांधल्या की, त्यांना नुसता क्रमांक मिळाला. समुद्रातून रणगाडे नेऊन थेट वाळूवर उतरविणे हे त्यांचे काम. आपल्या नौदलाची ब्रिटिशांकडून आलेली पहिली ‘मगर’ याच प्रकारची होती. आज क्रमांक ३२५ च्या नौकेची हकीकत सांगावयाची आहे.

१९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांना अवजड शस्त्रसामग्री किनाऱ्यावरच टाकून यावे लागले. पुन्हा युरोपात उतरावयाचे, तर बंदर हाती नसताना रणगाडे उतरवावे कसे? महासागर ओलांडावयाचा तर जहाज पाण्यात खोल बसले पाहिजे आणि किनाऱ्याला लागावयाचे तर ते उथळ पाण्यातही तरंगले पाहिजे. जॉन नीडरमायर या अमेरिकन अभियंत्याने नोव्हेंबर १९४१ मध्ये हे कोडे सोडविले. जहाजाच्या पोटात मोठ्या टाक्या ठेवावयाच्या. प्रवासात त्या समुद्राच्या पाण्याने भरल्या की जहाज खोल बसते आणि किनारा जवळ येताच उपसल्या की वर येते. तळ सपाट, नाळेला दोन दरवाजे. किनाऱ्याकडे येताना मागचा नांगर समुद्रात सोडावयाचा व परतताना त्याचाच दोर ओढून मागे सरकावयाचे. चाल बेताचीच, म्हणून खलाशी या नौकांना थट्टेने ‘मोठे, संथ लक्ष्य’ म्हणत. थट्टेत भीतीही होतीच.

३२५ क्रमांकाची नौका फिलाडेल्फियात बांधली गेली व १९४३ च्या फेब्रुवारीत सेवेत आली. त्याच वर्षी ती सिसिली व सालेर्नो येथील मोहिमांत होती. ७ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीवरील चढाईच्या दुसऱ्या दिवशी, ती ओमाहा किनाऱ्यावर पोहोचली. पुढे तिने खाडीपलीकडे चाळीसहून अधिक खेपा केल्या. ओहोटीला नौका वाळूवर कोरडीच बसे, गाड्या दरवाजातून सरळ बाहेर पडत आणि भरती आली की ती पुन्हा तरंगे. जाताना शस्त्रे, येताना जखमी, असा हा व्यवहार होता. २८ डिसेंबर १९४४ रोजी ‘एंपायर जॅव्हेलिन’ ही सैनिकवाहू नौका बुडू लागली, तेव्हा हिने सुमारे सातशे जणांना वाचविले. माझ्या मते तिच्या साऱ्या चाकरीत हा दिवस सर्वांत मोठा.

१९६४ मध्ये ती ग्रीसकडे गेली. तेथे तिला प्रथमच नाव मिळाले, ‘सिरोस’. १९९९ पर्यंत तिने ग्रीक नौदलाची सेवा केली. एरवी ती भंगारातच जावयाची. परंतु अशा नौकांवर नोकरी केलेल्या वृद्ध अमेरिकन खलाशांनी ती मिळविली. ग्रीसमध्ये जाऊन त्यांनी गंजलेली यंत्रे स्वतः दुरुस्त केली. त्या धडपडीत त्यांतील एक जण तेथेच वारला. उरलेल्यांनी २००० च्या नोव्हेंबरात क्रीट बेट सोडले. सरासरी वय बहात्तर! हिवाळ्यातील अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ रोजी ते अलाबामातील मोबिल बंदरात पोहोचले.

२००५ पासून नौका ओहायो नदीवरील एव्हान्सव्हिल येथे असते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या गावाने युद्धकाळात अशा १६७ नौका बांधून नदीमार्गे समुद्रात धाडल्या होत्या. पाहुण्यांना नौका आतून दाखविली जाते आणि अधूनमधून ती आपल्याच यंत्रांच्या बळावर नदीकाठच्या इतर गावांचीही फेरी करते.