चौथी ते सातवीच्या पोरांसाठी तीन हुकमी पुस्तकं 📚

"काय वाचायला देऊ?" विचारणाऱ्या आईबाबांसाठी:

🚲 फास्टर फेणे (भा. रा. भागवत): फुरसुंगीचा काटकुळा बनेश, त्याची सायकल आणि तोंडातून निघणारा 'ट्टॉक'! वेगवान साहसकथा.

😼 बोक्या सातबंडे (दिलीप प्रभावळकर): खोडकर, पण मनाने लख्ख. मोठ्याने वाचा, घरभर हशा पिकतो.

🔍 फेलूदा (सत्यजित राय, अनुवाद अशोक जैन): गुप्तहेर फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे कथा सांगतो, त्यामुळे धागेदोरे वाचणाऱ्यालाही त्याच्याबरोबरच सापडतात.

एक युक्ती: पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा आणि ऐन रंगात पुस्तक मिटून टेबलावर ठेवा. पुढचं काम पुस्तक करतं!

तुमच्या लहानपणीचं लाडकं पुस्तक कोणतं?